घरी बुल स्नेक आणि पाइन स्नेकची वीण: थंडीपासून पिल्लांपर्यंत

अमेरिकेत साप पाळणाऱ्यांत बुल स्नेक आणि पाइन स्नेकवर जीव टाकणारे लोक वेगळेच असतात, आणि मी त्यांच्यातला एक आहे. हे दोघे एकमेकांचे जवळचे भाऊबंद; शास्त्रीय नाव पिट्युऑफिस. बिनविषारी, दणकट, चार ते सहा फुटांचे. बुल स्नेक दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोपर्यंतच्या गवताळ मैदानांतला, तर पाइन स्नेक पूर्व आणि आग्नेय अमेरिकेच्या रेताड पाइनच्या रानातला. डिवचलं की जो फुत्कार टाकतात तो ऐकून नवखा माणूस दोन पावलं मागे सरतोच. श्वासनळीच्या तोंडाशी एक पातळ उभा पडदा असतो. जोरात सोडलेल्या हवेने तो थरथरतो आणि कुकरची वाफ सुटावी तसा आवाज निघतो. जोडीला शेपटीही सुक्या पानांवर थडथडवतात, त्यामुळे लोक त्यांना विषारी रॅटलस्नेक समजून मारतात.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो: धामणीसारखे आपल्याकडचे संरक्षित साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हा लेख अमेरिकेत राहून कायदेशीरपणे साप पाळणाऱ्यांसाठी आहे. तिथेही राज्याराज्यांत नियम बदलतात. हवाईत साप पाळायलाच बंदी, जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप ठेवता येत नाहीत. लुइझियाना पाइन स्नेक आणि ब्लॅक पाइन स्नेक तर संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आहेत. तेव्हा जोडी आणण्याआधी राज्याच्या वन्यजीव खात्याकडे चौकशी करा. रानातून पकडलेला साप घेऊच नका. घरी जन्मलेला, ज्याचे आईबाप माहीत आहेत असाच घ्या.

पहिलं काम: पिल्लं कुठे जाणार ते ठरवा

बुल स्नेकची मादी एका वेळी डझनभर अंडी सहज घालते, कधी वीसपर्यंतही. पाइन स्नेकची अंडी कमी पण मोठी. म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी तुमच्याकडे डझनभर वेगवेगळे डबे, डझनभर तोंडं आणि आठवड्याला तेवढे उंदीर. घेणारी माणसं आणि जागा यांचा हिशेब आधी जमत नसेल तर या वर्षी जोडी लावू नका. सगळ्या खटाटोपात याच गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि त्याचे हाल पिल्लं सोसतात.

जोडी निवडताना

मादी किमान तीन वर्षांची आणि अंगाने भरलेली हवी. पाठीचा कणा वर आलेला दिसत असेल तर ती अजून तयार नाही, वय कितीही असो. नर थोडा लहान असला तरी चालतो. नर-मादी ओळखायला शेपटी पाहतात: नराची लांब आणि मुळाशी जाड, मादीची झटकन निमुळती होणारी. खात्रीसाठी शेपटीच्या मुळाशी बारीक सळई घालून तपासतात, पण ते अनुभवी माणसाकडून किंवा सापांच्या डॉक्टरकडूनच करून घ्या. चुकीच्या हाताने साप कायमचा जायबंदी होतो.

बुल आणि पाइन यांची सरमिसळ करू नका. पिल्लं होतातही, पण ती ना इकडची ना तिकडची. टेक्सासमधल्या किंग्जव्हिलच्या लालसर बुल स्नेकची किंवा न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधल्या काळ्या-पांढऱ्या पाइन स्नेकची वेगळी ओळख त्या त्या मातीतून आलेली असते. एकदा रक्त मिसळलं की ती परत मिळत नाही. माझ्या मते रंगीबेरंगी नव्या जाती काढण्यापेक्षा एका ठिकाणचा वंश शुद्ध राखणं जास्त मोलाचं आहे.

थंडी द्या

सगळी मेख इथे आहे. हे थंड हिवाळ्याच्या प्रदेशांतले साप. हिवाळ्यात जमिनीखाली निपचित पडतात आणि त्या थंडीनंतरच विणीला तयार होतात. वर्षभर उबेत ठेवलेली जोडी खातेपिते, धष्टपुष्ट दिसते, पण अंडी येत नाहीत किंवा आली तर बरीच पोकळ, म्हणजे गर्भ नसलेली, निघतात.

नोव्हेंबरच्या सुमारास खाणं बंद करा, पण गरमी दोन-तीन आठवडे तशीच चालू ठेवा. पोट पूर्ण रिकामं झालं पाहिजे. पोटात उंदीर राहिला आणि थंडी पडली तर तो आत सडतो आणि साप मरतो. मग दोन आठवड्यांत हळूहळू तापमान उतरवत १० ते १३ अंश सेल्सिअसवर आणा. अमेरिकी थर्मामीटरवर ५० ते ५५. तळघराचा गार कोपरा उत्तम, नाहीतर तापमान बांधता येईल असा वाइनचा छोटा फ्रिजही चालतो. अंधार, कोरडं अंथरूण आणि ताजं पाणी. नर-मादी वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. असे आठ ते बारा आठवडे जाऊ द्या.

मध्येमध्ये फक्त बघा. घरघर, तोंडाशी बुडबुडे किंवा वजन भराभर उतरताना दिसलं तर त्या सापाला हळूहळू उबेत आणा आणि डॉक्टर गाठा. आजारी किंवा बारीक सापाला थंडीत ठेवायचंच नाही.

जाग आल्यावर

फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवडाभरात ऊब वाढवत न्या. चार दिवसांनी लहान उंदरापासून सुरुवात. मादीला आता भरपूर आणि वरचेवर खाऊ घाला, अंडी याच खुराकावर बनतात. काही आठवड्यांत ती कात टाकेल. ती ताजी कात पडली की जोडी लावायची वेळ आली.

दोघांनाही आधी जेवू घाला, पचू द्या आणि मग मादीला नराच्या डब्यात सोडा. नर तिच्या पाठीवरून झटके देत सरकतो आणि बऱ्याचदा तिची मान जबड्यात धरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे भांडण वाटतं. मान धरून शेपट्या गुंतल्या असतील तर हात घालू नका. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत ते तसे राहतात. सुटले की वेगळे करा. दोन-तीन दिवसांच्या अंतराने मादी नकार देईपर्यंत पुन्हा सोडा.

अंड्यांची पेटी

पुढे महिना ते दोन महिन्यांत मादीचं मागचं अंग फुगतं, ती उबेजवळ पडून राहते, खाणं सोडते. मग पुन्हा कात टाकते. त्या कातीनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत अंडी. रानात पाइन स्नेकची मादी वाळूत स्वतः बीळ खणून अंडी घालते, त्यामुळे घरातही तिला दडून खणता येईल अशी जागा लागते. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला तिच्या अंगापुरतं भोक पाडा आणि आत ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा. पेटी वेळेत ठेवली नाही तर ती अंडी पाण्याच्या भांड्यात घालते आणि ती बुडून जातात.

काही अंडी घातली आणि पुढे दोन दिवस काहीच हालचाल नाही, असं झालं तर अंडी अडकलेली असू शकतात. घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

अंडी एकमेकांना चिकटून घट्ट गठ्ठा होतो. ओढून सोडवू नका आणि फिरवू नका. कोंबडीचं अंडं उबवताना फिरवतात, सापाचं नाही. गर्भ लवकरच एका बाजूला चिकटतो आणि अंडं उलटलं तर आत मरू शकतो. म्हणून उचलण्याआधी वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करा.

उबवणीच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनाने जवळपास सारखं, पाणी किंचित कमीच. मुठीत दाबलं तर थेंब गळायला नको. त्यात अंडी अर्धी रुतवा आणि तापमान २७ ते २८ अंशांवर थर्मोस्टॅटने बांधून ठेवा. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलू द्या. अंधारात मागून टॉर्च लावली की चांगल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. पोकळ अंडी पिवळट, लहान, दिवसेंदिवस आक्रसत जातात. बुरशी लागली तरी गठ्ठ्यातून ओढून काढू नका, शेजारचं चांगलं अंडं फाटेल.

इकडे मादीला विसरू नका. तिचा डबा धुऊन काढा, अंगही कोमट पाण्याने पुसा, म्हणजे अंड्यांचा वास जाऊन ती लवकर खायला लागते. सुरुवातीला लहान घास द्या.

पिल्लं

साधारण ५५ ते ७५ दिवसांत, बुल थोडे आधी आणि पाइन थोडे मागाहून, पिल्लं नाकावरच्या दाताने कवच चिरतात. शेवटी शेवटी अंड्यांवर खड्डे पडतात, घाबरू नका. चीर पाडल्यावर पिल्लू दिवसभर, कधी दोन दिवस, फक्त डोकं बाहेर काढून बसतं. त्याला ओढू नका. आतला बलक ते अजून शोषत असतं.

बाहेर आलेलं पिल्लू दीड फुटाच्या आसपास असू शकतं आणि जन्मतःच फुत्कारतं. प्रत्येकाला वेगळा डबा द्या, कारण एकाच उंदरावर दोघांनी तोंड घातलं तर एक दुसऱ्याला गिळायला मागेपुढे पाहत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत पहिली कात पडते, मग पहिलं जेवण. ही पिल्लं मोठी असल्याने अंगावर लव आलेली उंदराची पिल्लं लगेच गिळतात. ती गोठवलेली घेऊन, वितळवून, कोमट करून चिमट्याने द्या. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, सापांपासून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू लागू शकतो.

चार-पाच वेळा नीट खाल्ल्याशिवाय पिल्लू कुणाला देऊ नका. सोबत कार्ड द्या: आईबाप कुठले, जन्मतारीख, कधी काय खाल्लं. परगावी पाठवायचं असेल तर लक्षात ठेवा, अमेरिकी टपालखातं साप स्वीकारत नाही. परवाना असलेली कुरिअर सेवा पाहावी लागते. आणि उरलेली पिल्लं रानात सोडू नका. पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटून स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पसरले आणि त्यांनी तिथल्या सरड्यांचा फडशा पाडला. लुइझियानातल्या किसाचीच्या जंगलात लुइझियाना पाइन स्नेक सोडले जातात ते प्राणिसंग्रहालयं आणि वनखात्याच्या देखरेखीखाली, वंशाची नोंद ठेवून. घरच्या पिल्लाला घेणारा मिळेपर्यंत ते तुमच्याकडेच राहणार, म्हणून डबे दोन-चार जास्तच आणून ठेवा.