नगराध्यक्ष व्हायचंय? मग आधी फायली शिका

नगराध्यक्ष व्हायचं म्हटलं की पोरं आधी वाढदिवसाचे फ्लेक्स लावायला घेतात. लावा, पण त्याआधी दोन-तीन वर्षं लोकांची कामं घेऊन नगरपरिषदेत जा, कुणाचा नळजोड अडकलाय, कुणाची घरपट्टी डबल आलीये, कुणाला जन्मदाखल्यात नाव दुरुस्त करायचंय, हे करता करता कुठली फाईल कुठल्या टेबलावर झोपते ते कळतं आणि ते पुढं जन्मभर उपयोगी पडतं.

मग एका प्रभागातून नगरसेवक व्हा. डायरेक्ट वरच्या खुर्चीला उडी मारणारेही निवडून येतात, पण त्यांना इस्टिमेट वाचता येत नाही आणि ठेकेदार ते पहिल्याच मीटिंगला ओळखतो. बांधकाम किंवा पाणीपुरवठा समिती मिळाली तर सोडू नका.

आरक्षण आपल्या हातात नाही. नगराध्यक्षपदाची सोडत मंत्रालयात निघते, निम्म्या जागा महिलांना आहेत. जागा महिलेला सुटली की बायकोला उभं करून कारभार आपणच बघायचा, हा प्रकार सगळ्यांना दिसतो, त्यापेक्षा घरातल्या जिला खरंच आवड आहे तिला सुरुवातीपासून सोबत कामाला घ्या ना.

कागदपत्रं आधीच जमवा. जात पडताळणी, नगरपरिषदेची थकबाकी नसल्याचा दाखला, दोन अपत्यांची अट, हे बघून ठेवा, पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत लटकवतात त्याची मानसिक तयारी ठेवा. आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, हरलेल्यांनीसुद्धा. हरलेले हेच विसरतात.

आता मुख्य गोष्ट. नगराध्यक्षाची लोकांमधून थेट निवडणूक २०१६ ला आली, २०२० ला काढली, २०२२ ला परत आणली, त्यामुळं आता लोक तुम्हाला वेगळं मत देतात आणि नगरसेवकांना वेगळं. म्हणजे होतं काय, तुम्ही गुलाल उधळून आत जाता आणि सभागृहात बहुमत समोरच्या पार्टीचं! मग अजेंड्यावर काहीही घ्या, ठराव पडतो. म्हणून प्रचारातच विरोधी पॅनेलच्या बऱ्या माणसांना घरापर्यंत जाऊन शिव्या देऊ नका, उद्या त्यांच्याच प्रभागातलं गटार मंजूर करून तुम्हाला तुमची पाइपलाइन पास करून घ्यायचीय.

दुसरं, मुख्याधिकारी. तो सरकारचा माणूस, ठरावाची अंमलबजावणी त्याच्याकडे, बदली होऊन जाणारा. त्याला सगळ्यांसमोर झापलं की टाळ्या मिळतात आणि मग फायली महिनाभर हलत नाहीत. केबिनमध्ये बसून बोला, पण महत्त्वाचं पत्र लेखीच द्या आणि पोच घ्या. नियमाबाहेरचा ठराव रेटला तर विरोधक नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात आणि ते ठरावाला स्थगिती देऊ शकतात, तेव्हा मोठ्या विषयावर आधी वकिलाला विचारा.

पैसा कुठून येतो हे पाठ पाहिजे. घरपट्टी-पाणीपट्टीत पगार आणि लाइटबिलच जेमतेम भागतं, मोठी कामं वित्त आयोग, राज्याची नगरोत्थान योजना, दलित वस्ती सुधारणा असल्या निधीतून होतात आणि त्यासाठी आमदार कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्या दारात जावं लागतं. तिथं इगो ठेवला तर गाव पाच वर्षं खड्ड्यात.

इतिवृत्त सही करण्याआधी स्वतः वाचा, सभेत झालेलं आणि कागदावर आलेलं वेगळं असू शकतं. प्रत घरी ठेवा, चौकशा बऱ्याचदा पद गेल्यावरच लागतात.