छातीतली गाठ दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका: या चुका टाळा

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत गुडघेदुखीची चर्चा भिशीतसुद्धा मोकळेपणी होते. छातीत, म्हणजे स्तनात, गाठ लागली तर मात्र बाई महिनोन्‌महिने गप्प राहते. शेवटी दवाखान्यात येते तेव्हा म्हणते, "दुखत नव्हती, म्हणून दाखवली नाही." या एका समजुतीमुळे जितका उशीर होतो, तितका दुसऱ्या कशानेच होत नाही.

दुखण्यावरून गाठ जोखणं

कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. ती कडक, ओबडधोबड आणि बोटाखाली फारशी न सरकणारी असते. उलट ज्या दुखण्याने झोप उडते, ते पुष्कळदा पाळीचं असतं. पाळीआधी काही दिवस दोन्ही बाजू जड होतात, काखेपर्यंत ठणकतं आणि पाळी आली की उतरतं. यावर बरेचदा नीट मापाची, आधार देणारी ब्रा आणि वरून लावायचं डायक्लोफिनॅक जेल पुरतं. दोन-तीन महिने दुखण्याच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. एकाच जागी सतत दुखत असेल तर मात्र तपासून घ्या. कधी ते दुखणं स्तनाचं नसून बरगडीच्या सांध्याचं निघतं.

हाताला लागली तेवढ्यावर निदान करणं

बहुतेक गाठी साध्याच असतात, हे खरं आहे. विशी-तिशीत गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडेनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ असते. ती वाढत नसेल तर नुसती लक्षात ठेवली तरी चालते. मोठी झाली किंवा वेगाने वाढू लागली तर काढतात. पस्तिशी ते पन्नाशीत पाण्याची गाठ जास्त दिसते. ती दुखत असेल तर सुईने पाणी ओढून घेतात. पण हे ठरवायचं तपासणीनंतर, शेजारच्या काकूंची गाठ साधी निघाली होती म्हणून नव्हे. डॉक्टरांनी हाताने तपासणं, सोनोग्राफी (चाळिशीपुढे सोबत मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे) आणि गरज पडल्यास सुईने तुकडा घेणं, या तिन्हींचा मेळ बसला की निदान पक्कं होतं.

"सुई लावली की पसरतं"

हे खरं नाही. सुईच्या तपासणीने कर्करोग पसरत नाही. ती टाळली तर उपचार अंदाजाने होतात, आणि तोवर गाठ वाढत राहते. या भीतीपायी जडीबुटीचे लेप लावत वर्ष घालवलेल्या बायका पाहिल्या की फार वाईट वाटतं.

बाळंतिणीचं दूध तोडणं

दूध साचून स्तन लाल, गरम झाला, ताप आला, की घरातल्या मोठ्या बायका "त्या बाजूचं पाजू नकोस" म्हणतात, नाहीतर जोराने चोळून देतात. दोन्हींनी त्रास वाढतो. बाळाला नेहमीसारखं पाजत राहा, पाजल्यावर थंड शेक द्या, हात हलका ठेवा आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या. एक-दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात. पू झाला असेल तर सोनोग्राफीत पाहून सुईने काढता येतो, दरवेळी मोठा छेद लागत नाही. औषधं पूर्ण घेऊनही लाली गेली नाही तर पुन्हा तपासायलाच हवं. कर्करोगाचा एक प्रकार असाच सुजेसारखा दिसतो.

दवाबाजारातून परस्पर गोळ्या आणणं

स्तनदुखीसाठी ऑर्मेलॉक्सिफिन, म्हणजे 'सहेली'ची गोळी, डॉक्टर काही जणींना देतात. पण मुळात ती गर्भनिरोधक आहे. मैत्रिणीला गुण आला म्हणून आपण सुरू करायची नाही.

कधी थांबायचं नाही

गाठ कडक असेल, त्वचेला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखं रूप आलं असेल, निप्पल नव्याने आत ओढलं गेलं असेल, त्यातून रक्तासारखं पाणी येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर याच आठवड्यात सर्जनला दाखवा. पाळी कायमची गेल्यानंतर लागलेली कुठलीही नवी गाठ यातच धरा. खाजगीचा खर्च झेपत नसेल तर सरकारी एम. वाय. रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत जा, आणि जुने रिपोर्ट, पाळीच्या तारखा व चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. तरुण मुलीला पाळीआधी लागलेली गाठ पाळीनंतर विरली तर ठीक; राहिली तर तिलाही दाखवायला घेऊन जा. पुरुषांना निप्पलमागे कडक गाठ लागली तर त्यांनीही लाजू नये, त्यांनाही हा कर्करोग होतो.