खोडवा मोडल्यावर सोयाबीन: आधी बियाणं तपासा

उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक) गेला की रान मोकळं होतं आणि उसाची पूर्वहंगामी लावण थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मधल्या पावसाळ्यासाठी कोल्हापूरच्या करवीर, हातकणंगले, शिरोळ भागात सोयाबीनसारखं पीक नाही. साधारण १०० ते १०५ दिवसांत रान रिकामं, शिवाय मुळांवरच्या गाठी आणि गळलेला पाला यामुळे पुढच्या उसाला बेवड (आधीच्या पिकाने कसदार झालेलं रान) चांगला.

नांगरट, कुळवणी, शेणखत तुम्हाला सांगायला नको. वाण फुले संगम (केडीएस ७२६) किंवा फुले किमया (केडीएस ७५३) घ्या. दोन्ही शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राचे, आपल्याकडच्या तांबेरा रोगात त्यातल्या त्यात तग धरतात.

पीक हातचं जातं ते उगवणीत. सोयाबीनचं साल कागदासारखं पातळ आणि कोंब त्याच्या लगेच खाली. पोतं टेम्पोतून धपकन टाकलं तरी कोंबाला मार बसतो, दाणा मात्र वरून ठणठणीत दिसतो. एका वर्षी मी विकतची पिशवी नुसतं लेबल बघून पेरली. आठव्या दिवशी ओळींत वीत-वीतभर खाडे, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा. उकरून बघितलं तर दाणे बोटांत चिखलासारखे फुटत होते, कुजका वास येत होता. बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि मृगाची घात (पेरणीजोगी ओल) गेली ती गेलीच. तेव्हापासून घरचं असो वा विकतचं, तपासल्याशिवाय दाणा कुरीत (पेरणीच्या अवजारात) पडत नाही.

गोणपाट भिजवून पिळून घ्या. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मिळून १०० दाणे काढा आणि दहा-दहाच्या ओळींत मांडा. चांगले दाणे निवडून घेतलेत तर स्वतःलाच फसवाल. गुंडाळी सावलीत ठेवा, ओल टिकवा, सहाव्या दिवशी मोजा. मूळ धरलेला सरळ, जाड मोड तेवढाच धरा. नुसता फुगलेला दाणा मोजू नका. ७० आले तर एकरी ३० किलो पुरे. ६० आले तर ३५ किलो टाका. त्याखालचं बियाणं पेरूच नका.

उगवण कमी आली की ‘रात्रभर भिजवून पेरा’ असं सांगणारे गावोगाव भेटतात. मुळीच ऐकू नका. दाणा झपाट्याने पाणी ओढतो, साल फाटतं आणि जमिनीत कुजतो.

पावसाच्या पहिल्या सरीवर पेरायची घाईही तितकीच वाईट. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरू दे, मग घात बघून पेरा. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, खोली दीड इंच, त्याहून जास्त नाही. सोयाबीन दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन, मान वाकवून वर येतं. तीन इंचांवर पडलं आणि वर पावसाने पापुद्रा धरला की ती मान आतच मोडते. ट्रॅक्टरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. पहिल्या दहा फुटांत थांबवून माती बाजूला करून बघा. मी अजून बघतो.

बियाण्याला बुरशीनाशक आधी. ते सुकलं की रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारं जिवाणू खत), १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. सावलीत, हलक्या हाताने; चोळलं की साल निघालंच.

महिनाभरात दोन भांगलणी (हाताने तण काढणं) करा. फुलात आल्यावर ओळींत कोळपं (तण काढायचं अवजार) घालू नका.

पुढच्या वर्षीचं बियाणं घरचंच ठेवणार असाल तर मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवा. पोती फळीवर रचा, थप्पी चार पोत्यांपेक्षा उंच नको. आणि खांद्यावरचं पोतं आपटू नका, टेकवून ठेवा.