मुलीच्या मागे कोणी लागलं असेल तर: ओळखायचं कसं, पाठीशी उभं राहायचं कसं

पानठेल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींकडे बघत बसणारे पोट्टे गावोगावी आहेत. त्यांचा त्रास होतोच, पण पाठलाग म्हणतात तो याहून वेगळा. तिथे एकच माणूस एकाच मुलीचा दिनक्रम पाठ करतो. ती सकाळच्या कोणत्या एसटीनं कॉलेजला जाते, आठवडी बाजारात कोणासोबत येते, कापूस वेचायला सध्या कोणाच्या वावरात आहे, हे सगळं त्याला ठाऊक असतं, आणि ती नाही म्हणाली तरी तो हटत नाही. यातला कोणताही प्रसंग सुटा घेतला तर किरकोळ दिसतो. रस्ता सगळ्यांचा आहे, मिस्ड कॉल चुकूनही लागतो. म्हणून घरच्यांना त्यात काही वावगं दिसत नाही. बघायचं असतं ते सातत्य.

मुलगी हे पहिल्यांदा सांगते ती बहुधा मैत्रिणीला, मामीला, शिक्षिकेला किंवा आशाताईला. आईबापाला सांगायला ती घाबरते, आणि त्याला कारण आहे: शिक्षा तिलाच होते. कॉलेज बंद होतं, मोबाइल काढून घेतला जातो, घाईघाईत साक्षगंध (साखरपुडा) उरकलं जातं. तिनं एकदा हे भोगलं की पुढचा मोठा प्रसंगही ती गिळून टाकते. म्हणून ऐकणाऱ्यानं ‘तू काही केलं का?’, ‘आधी बोलत होती ना त्याच्याशी?’ हे विचारायचंच नाही. आधी बोलत असली तरी आज नाही म्हणायचा हक्क तिचा आहे. विचारायचं ते एवढंच: हे कधीपासून चाललंय, शेवटचं काय झालं, त्यानं धमकी दिली का, आणि आज घरी जायची भीती वाटते का. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असा शब्दही देऊ नका. मुलगी अठरा वर्षांखालची असेल आणि त्याचा हेतू लैंगिक असेल, तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू होतो, आणि त्यात माहिती असलेल्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

नकार एकदाच, पण स्पष्ट द्यायचा. ‘मला तुमच्याशी बोलायचं नाही, मला मेसेज करू नका, मागे येऊ नका.’ शक्यतो मेसेजवर, म्हणजे पुरावा राहतो. समोरासमोर द्यावा लागला तर सोबत कोणीतरी हवं. ‘आत्ता परीक्षा आहे’, ‘घरचे रागावतील’ असली कारणं सांगू नयेत. परीक्षा संपली की तो परत हजर होतो. एकदा नकार दिला की उत्तर पूर्ण बंद, शिवी द्यायलाही फोन उचलायचा नाही. चाळीस फोन टाळून एक्केचाळिसावा उचलला, तर एक्केचाळीस फोन केले की बोलणं होतं एवढंच तो शिकतो.

नंबर ब्लॉक करायचा, पण आधी पुरावा साठवून. स्क्रीनशॉटमध्ये नुसतं सेव्ह केलेलं नाव नको, नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पाठवणारा मेसेज नंतर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करू शकतो, त्यामुळे आला की लगेच घ्या आणि भरवशाच्या एका माणसाकडे पाठवून ठेवा. मूळ मोबाइल विकू नका, रिसेटही करू नका. रागाच्या भरात भाऊ सगळे मेसेज पुसून टाकतो, हे नेहमीचं नुकसान.

सोबत शंभर पानी वही ठेवा. दर वेळी तारीख, वेळ, जागा, त्यानं काय केलं, कोणी पाहिलं. ‘आज पुन्हा त्रास दिला’ असं लिहून उपयोग नाही. ‘१२ तारीख, सकाळी ७.४०, फाटा. काळी मोटरसायकल, नंबरचे शेवटचे आकडे अमुक. एसटीत मागच्या सीटवर बसला, चिठ्ठी टाकली. शेजारी अमुकची आई होती’ असं हवं. चिठ्ठी फाडायची नाही, पाकिटात ठेवायची.

तिचा ठावठिकाणा त्याला कसा कळतो हेही शोधा. खेड्यात नंबर बहुतेक रिचार्जच्या दुकानातून किंवा कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून जातो. रिचार्ज घरच्या माणसाच्या मोबाइलवरून करा. व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला आहे का पाहा, गुगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग तपासा, पासवर्ड बदला. मोबाइल कधी त्याच्या हातात गेला असेल, तर आधी हेच करायचं. जोडलेलं डिव्हाइस काढण्याआधी त्याचाही स्क्रीनशॉट घ्या.

गावात पहिली हालचाल होते ती दोन तऱ्हेची. एक म्हणजे भाऊ आणि त्याचे दोस्त जाऊन त्याला ठोकतात. मग तोच आधी ठाण्यात जातो, भावावर गुन्हा लागतो आणि पुढे ‘तुम्ही मागे घ्या, आम्ही मागे घेतो’ यात मुलीची तक्रार बुडते. दुसरी म्हणजे बैठक. तंटामुक्ती समिती, सरपंच, दोन्हीकडचे जाणते बसतात, तो मान खाली घालून माफी मागतो, महिन्याभरानं फाट्यावर परत दिसतो. कधी तर ‘लावून द्या लग्न’ असाही सल्ला निघतो. बैठक टाळता येत नसेल तर माफीनामा लेखी घ्या, त्यात कृत्य आणि तारखा लिहून घ्या, सही घ्या. तो पुढे पुरावा म्हणून कामी येतो. मुलीला मात्र त्याच्यासमोर बसवू नका.

ठाण्यात जाताना भारतीय न्याय संहितेचं पाठलागाबद्दलचं कलम ७८ माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या दंडसंहितेचं ३५४-ड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो’ म्हणून बोळवण करता येत नाही. तक्रारीत चार गोष्टी स्वच्छ आल्या पाहिजेत: तो मागे येतो, संपर्क करतो किंवा तसा प्रयत्न करतो, हे वारंवार होतं, आणि अमुक तारखेला नकार देऊनही होतं. इंटरनेट, मोबाइलवर नजर ठेवणं हाही याच कलमातला गुन्हा. धमकी असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची आणि तो त्यातला नसेल, तर तसं नमूद करा. अॅट्रॉसिटी कायदाही लागू शकतो.

या कलमाखालची तक्रार महिला अधिकाऱ्यानं नोंदवून घ्यायची असते. ‘ही आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही. कुठल्याही ठाण्यात नोंद करता येते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. नोंदवलंच नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, आणि तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वकिलाच्या पैशासाठी अडू नका, महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा १५१०० वर फोन. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, लहान मुलींसाठी १०९८. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा मिळतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो जामीनपात्र आहे. म्हणजे तो बहुधा त्याच दिवशी बाहेर येतो, आणि घरचे म्हणतात, तक्रार करून काय मिळालं? त्या दिवसाची तयारी आधीच हवी. पहिले दोन-तीन आठवडे ती एकटी फाट्यावर थांबणार नाही, येण्याची वेळ बदलेल, वेचणीला बायांच्या घोळक्यातच जाईल, धुऱ्यावर (बांधावर) एकटी मागे राहणार नाही. कंडक्टर, कॉलेज आणि पोलीस पाटील यांना कळवलेलं असेल. त्याच्याकडून बंधपत्र घेण्याची प्रतिबंधक कारवाई ठाण्याकडे लेखी मागा. त्यानं पुन्हा केलं तर लगेच नवी तक्रार. दोषी ठरल्यावर परत केलं तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र.

काही खुणा दिसल्या तर वहीची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी ११२ लावा: पेट्रोल, अॅसिड, हत्याराची भाषा; ‘माझी नाही तर कोणाचीच नाही’; स्वतः जीव द्यायची धमकी; रात्री अंगणात शिरणं. साक्षगंध ठरल्याची बातमी फुटते तो काळ विशेष जपायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटात भर रस्त्यात पेटवून दिलेली तरुण प्राध्यापिका अशाच मागे लागलेल्या माणसाच्या हातून गेली. त्याला पुढे जन्मठेप झाली. लग्न ठरलं असेल तर मुलाकडच्यांना तुम्हीच आधी सांगा, एफआयआरची प्रत दाखवा. नाहीतर तो फोन करून त्याच्या पद्धतीनं सांगतो.