फौंड्रीतल्या परप्रांतीय कामगाराचा थकीत पगार दोन युनियननी मिळून कसा वसूल करायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्यांत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, मोल्डिंग-फेटलिंगला (साचे भरणं आणि ओतीव माल घासून साफ करणं) बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशची बरीच पोरं आहेत. त्यांचे दावे सहसा कायद्यापायी अडत नाहीत. छठ किंवा होळीला कामगार दीक्षाभूमी एक्स्प्रेसनं गावी जातो, सुनावणीच्या तारखेला हजर कुणी नसतं आणि फाइल पडून राहते. म्हणून इथली युनियन आणि त्याच्या गावाकडची युनियन यांनी काम आधीच वाटून घ्यावं. सिटू, आयटक, इंटक, भारतीय मजदूर संघ, हिंद मजदूर सभा या देशपातळीवरच्या कामगार महासंघांचं काम त्या राज्यांतही आहे. सुरुवात आपल्याच महासंघापासून करा.

कामगाराला गेटवर गाठू नका, सुपरवायझर नाव टिपून ठेवतो. सुट्टीच्या दिवशी खोलीवर जा, सोबत त्याची बोली बोलणारा कामगार न्या. पहिल्याच भेटीत सभासदत्वाची पावती फाडा. वेतन संहितेनुसार युनियनला दावा दाखल करता येतो, पण कामगार त्या युनियनचा सभासद असला पाहिजे. गावाकडच्या युनियनला तो वर्गणी देत असेल तर इथली वर्गणी किमान ठेवा. दोन्हीकडे पैसे द्यायचे म्हटलं की माणूस फिरकत नाही.

त्यानंतर हजेरी. रोज वहीत तारीख, येण्या-जाण्याची वेळ, भरलेल्या बॉक्सची (साच्याच्या पेट्यांची) संख्या, रिजेक्शनची (नाकारलेल्या मालाची) कपात आणि ठेकेदाराचं नाव लिहायला लावा, पानाचा फोटो युनियनच्या नंबरवर घ्या. गेटपास आणि पगाराच्या यूपीआय नोंदीही जपा. हिशोब असा मांडा: 8 तासांचा पगार 600 रुपये असेल तर तासाला 75. जेवणाची सुट्टी सोडून रोज 12 तास, आठवड्याला 6 दिवस म्हणजे 72 तास. आठवड्याचे नेहमीचे 48 तास वजा जाता 24 तास ओव्हरटाइम. दुप्पट दरानं 3,600 रुपये होतात, ठेकेदार एकेरीनं 1,800 देतो. आठवड्याचा फरक 1,800. हा आकडा स्थानिक कामगारांनाही दाखवा. ‘ही माणसं आमचे दर पाडतात’ ही कुरबूर मग ठेकेदाराकडे वळते, तिथंच ती वळायला हवी.

खरी अडचण पुढं असते. ठेकेदार बहुतेकदा त्याच गावचा, कधी नात्यातला, आणि घरच्यांनी त्याच्याकडून घेतलेली उचल फिटायची असते. त्याच्याविरुद्ध तक्रार कर म्हटलं की पोरगा गप्प बसतो. म्हणून थकीत पगाराच्या मागणीचं पत्र कंपनीला उद्देशून काढा, ठेकेदाराला नुसती प्रत द्या. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पहिल्या पत्रात नावं घालू नका, कारखान्यातला विभाग आणि कामगारांची संख्या पुरे. नावं दिली की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो. नावांची यादी सहायक कामगार आयुक्तांकडे दावा करतानाच द्या. ठेकेदाराचा दबाव घरापर्यंत पोचतो, तो गावाकडच्या युनियननं घरी जाऊन थोपवायचा. झारखंडच्या कामगारांसाठी रांचीत सरकारचा स्थलांतरित मजूर नियंत्रण कक्षही आहे.

ईएसआय (कामगार राज्य विमा) नंबर पहिल्याच महिन्यात तपासा. अपघातानंतर ‘खोलीत पडला’ असं सांगून खासगी दवाखान्यात नेण्याची चाल जुनीच आहे. केसपेपरवर ‘कामावर असताना’ हे शब्द आलेच पाहिजेत. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के भरपाई त्यावरच अवलंबून असते.

कामगार गावच्या गाडीत बसण्याआधी, शक्यतो तीन आठवडे आधी, त्याच्या वतीनं युनियननं दावा चालवावा अशा हिंदी आणि मराठीतल्या अधिकारपत्रावर सह्या घ्या. दोन प्रती करा, एक इथं ठेवा, एक गावाकडच्या युनियनला पाठवा. सोबत पासबुकाचं पहिलं पान, पीएफचा खाते क्रमांक (यूएएन) आणि घरच्या माणसाचा नंबर हवा, कारण कामगाराचं सिम बदलतं. दाव्याला 3 वर्षांची मुदत असली तरी अशी कागदं सहा महिन्यांनी जमवणं अवघड जातं.

रक्कम मंजूर झाली की ती थेट कामगाराच्या खात्यात जायला हवी, ठेकेदाराच्या हातून किंवा युनियनच्या रोकडीतून नको. गावाकडच्या युनियननं पासबुकातली नोंद पाहून कळवल्याशिवाय इथली फाइल बंद करू नका.