कोडेसिसवाला पीएलसी मॉडबस स्लेव्ह कसा करायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत हे काम कधी ना कधी येतंच. फर्नेसला कोडेसिस या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम केलेला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर असतो आणि मालकाला मेटलचं टेंपरेचर ऑफिसातल्या स्काडावर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या देखरेखीच्या स्क्रीनवर बघायचं असतं. दोघं एकमेकांशी मॉडबस या भाषेत बोलतात. स्काडा मास्टर, तो विचारणार, आपला पीएलसी स्लेव्ह, विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

कोडेसिसच्या डिव्हाइस ट्रीमध्ये इथरनेट अडॅप्टर ॲड करा, त्याला खरं नेटवर्क कार्ड निवडून द्या, मग त्याच्याखाली मॉडबस टीसीपी स्लेव्ह डिव्हाइस टाका, नव्या व्हर्जनला तिथं सर्व्हर लिहिलेलं दिसेल. पोर्ट ५०२ आहे तसाच ठेवा.

खरी मेख पुढं आहे. रजिस्टर म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा: होल्डिंगमध्ये मास्टर लिहू शकतो, इनपुट तो फक्त वाचतो. होल्डिंग रजिस्टर पीएलसीच्या आयडब्ल्यूमध्ये (आत येणारा डेटा) दिसतात आणि इनपुट रजिस्टर क्यूडब्ल्यूमध्ये (बाहेर जाणारा डेटा), आणि इथंच निम्मी लोकं गंडतात. मास्टरनं लिहिलेलं पीएलसीला बाहेरनं आलं, म्हणून ते इनपुट, एवढं डोक्यात बसलं की झालं. म्हणजे टेंपरेचर क्यूडब्ल्यूत टाकायचं, स्काडा ते फंक्शन ४ (मॉडबसच्या कमांडचा नंबर) नं वाचणार, आणि सेटपॉइंट, म्हणजे स्काडावरनं ठरवून दिलेलं टेंपरेचर, होल्डिंगमध्ये येणार, तो फंक्शन ६ किंवा १६ नं लिहिला जातो. मॅपिंग टॅबमध्ये व्हेरिएबल अपडेटचं सेटिंगपण चालू करा, नाहीतर प्रोग्रॅममध्ये न वापरलेलं व्हेरिएबल हलतच नाही.

एक रजिस्टर १६ बिटचं. १४५०.५ डिग्री पाठवायचं तर दहानं गुणून १४५०५ टाका आणि स्काडावाल्याला दहानं भागायला सांगा, मला तरी हेच बरं वाटतं. रिअल, म्हणजे ३२ बिटचा दशांश आकडा, तसाच पाठवला तर दोन रजिस्टर लागतात आणि त्यांचा क्रम उलटा झाला की १४५० च्या जागी २.००४ दिसतं. असला आकडा दिसला की वायरिंग तपासत बसू नका, स्काडात वर्ड स्वॅप करा, म्हणजे दोन रजिस्टरांची अदलाबदल.

स्काडात पहिल्या इनपुट रजिस्टरचा नंबर ३०००१ लिहितात, पण ३०००१ म्हणजे ऑफसेट ० बरं का, मोजणी शून्यापासनं. एकानं चुकलात तर शेजारच्या रजिस्टरची व्हॅल्यू येते, आणि रेंजच्या बाहेर गेलात तर एरर २, म्हणजे असा पत्ताच नाही.

स्काडावाला यायच्या आधी लॅपटॉपवर मॉडबस पोल (मास्टरसारखं वाचून बघायचं टेस्टिंग सॉफ्टवेअर) लावून वाचून बघा. पिंग होतंय पण कनेक्ट होत नाही म्हणजे बहुतेक वेळा फायरवॉलनं ५०२ अडवलेला असतो.

आणि साध्या मॉडबसला पासवर्ड बिसवर्ड काय नसतो, त्यामुळे सेटपॉइंटला प्रोग्रॅममध्ये वरखाली लिमिट लावल्याशिवाय तो फर्नेसला देऊ नका आणि ऑफिसच्या वायफायला हा पीएलसी जोडू नका.