अमेरिकेतला एक मतदारसंघ कसा वाचावा: सीमाभागातल्या अभ्यासमंडळांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अमेरिकेच्या राजकारणावर चर्चा निघाली की ती दोन पक्षांच्या भांडणापाशी सुरू होते आणि तिथंच संपते. भांडण खरं आहे, पण सत्ता कोणाच्या हातात आहे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एकच मतदारसंघ घ्यावा आणि आधी त्याची हद्द, मग तिथं आलेला पैसा, मग खासदारानं सभागृहात दिलेली मतं तपासावीत. सहा-सात जण, एक लॅपटॉप आणि दोन-दोन तासांच्या चार बैठका पुरतात. कागदपत्रं फुकट मिळतात, पण ती इंग्रजीत आहेत. सराईतपणे वाचणारे दोघं तरी हवेत.

वायोमिंग, अलास्का, व्हरमाँट ही राज्यं घेऊ नका. प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, त्यांची एकेकच जागा आहे, त्यामुळं हद्द आखण्याचा प्रश्नच येत नाही. नॉर्थ कॅरोलिना घ्या. तिथं 14 जागा आहेत. 2022 ची निवडणूक न्यायालयानं ठरवलेल्या नकाशावर झाली आणि दोन्ही पक्षांना 7-7 जागा मिळाल्या. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातलं बहुमत बदललं (तिथं न्यायाधीशही निवडून येतात), 2023 च्या एप्रिलमध्ये त्या न्यायालयानं पक्षहितासाठी हद्दी आखायला मनाई करणारा आपलाच आधीचा निकाल फिरवला, आणि विधिमंडळानं नवा नकाशा आखला. 2024 मध्ये निकाल लागला रिपब्लिकन 10, डेमोक्रॅट 4. मतदारसंघ क्रमांक 6, 13 आणि 14 इथल्या डेमोक्रॅट खासदारांनी पुन्हा निवडणूकच लढवली नाही. या तिन्हींपैकी एक मतदारसंघ निवडा, दोन्ही वर्षांचे नकाशे छापून शेजारी ठेवा आणि प्रत्येकावर वर्ष ठळक लिहा. 2025 मध्ये नकाशा पुन्हा बदललाय. वर्ष नसेल तर तिसऱ्या बैठकीपर्यंत सगळा गोंधळ होतो.

मतदारसंघ फेररचनेची झळ इथल्या लोकांना नवी नाही. 2008 च्या विधानसभा निवडणुकीआधी उचगाव मतदारसंघ नकाशावरून गेला. पण फरक नीट लिहून घ्या: आपल्याकडं हद्दी परिसीमन आयोग ठरवतो, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत त्या विधिमंडळच आखतं, म्हणजे ज्यांना त्या हद्दीचा फायदा होणार तेच. आणि पक्षहितासाठी आखलेल्या हद्दींविरुद्ध केंद्रीय न्यायालयांत दाद मागता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं.

पैशासाठी दोन बैठका ठेवा, खरं काम इथंच आहे. अमेरिकेच्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या, म्हणजे एफईसीच्या, संकेतस्थळावर उमेदवाराचं नाव शोधा. प्रतिनिधीगृहाच्या उमेदवाराचा क्रमांक एच अक्षरानं, त्याच्या प्रचाराचा पैसा सांभाळणाऱ्या समितीचा सी अक्षरानं सुरू होतो. काळ निवडताना 2024 म्हणजे 2023 आणि 2024 ही दोन्ही वर्षं, हे विसरू नका. त्या काळात एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीमागं 3,300 डॉलर देता येत होते. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक वेगळी धरतात, म्हणून आकडा दुप्पट दिसला तर घाबरू नका.

इथं तीन चुका हमखास होतात. पहिली, देणगीदारापुढं मालक म्हणून एखाद्या कंपनीचं नाव दिसलं की कंपनीनंच पैसे दिले असं धरलं जातं. कंपनीला उमेदवाराला थेट पैसे द्यायला 1907 पासून बंदी आहे. ते नाव देणगीदाराच्या नोकरीचं आहे. दुसरी चूक दुहेरी मोजणीची. अ‍ॅक्टब्लू (डेमोक्रॅटांसाठी) आणि विनरेड (रिपब्लिकनांसाठी) या ऑनलाइन देणग्या गोळा करणाऱ्या संस्थांमार्फत आलेली देणगी त्यांच्या हिशेबात दिसते आणि उमेदवाराच्याही.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते: उमेदवाराच्या खात्यावरच थांबणं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर उमेदवाराशी संगनमत न करता बाहेरून कितीही खर्च करता येतो. तो ‘इंडिपेंडंट एक्सपेंडिचर’ या सदरात असतो. प्रत्येक नोंदीपुढं बाजूनं की विरोधात हे लिहिलेलं असतं; दोन्हींची बेरीज वेगवेगळी करा. मग खर्च करणाऱ्या सुपर पॅकचे, म्हणजे असा बाहेरचा खर्च करणाऱ्या समितीचे, देणगीदार उघडा. तिथं कधी माणसाऐवजी दुसऱ्या संस्थेचंच नाव सापडतं, आणि त्या संस्थेवर आपले देणगीदार जाहीर करायचं बंधन नसतं. माग तिथं खुंटतो. तसं स्पष्ट लिहा, अंदाजानं कुणा अब्जाधीशाचं नाव भरू नका. श्रीमंतांची सत्ता दाखवायची तर पुरावा जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच जावं, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. साध्या देणगीदारांची नावं-पत्ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

मतांचं काम तासाभराचं आहे. काँग्रेस डॉट जीओव्ही या अमेरिकी संसदेच्या संकेतस्थळावर पाच विधेयकं निवडा, खासदाराचं मत आणि त्याच्या पक्षातल्या बहुसंख्यांचं मत शेजारी लिहा. विधेयक पुढं सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अडलं का तेही पाहा. तिथं बहुतेक विधेयकांवर चर्चा थांबवायलाच 100 पैकी 60 मतं लागतात, आणि पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला जितके सिनेटर, तितकेच सुमारे 3 कोटी 95 लाखांच्या कॅलिफोर्नियाला.

उरलेला वेळ विरोधी आवाजाला द्या. समाजवादी नेते युजीन डेब्स यांना 1918 मध्ये ओहायोतल्या कँटनच्या युद्धविरोधी भाषणाबद्दल 10 वर्षांची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानं ती एकमतानं कायम केली, आणि 1920 मध्ये अटलांटाच्या तुरुंगातून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढून त्यांनी 9 लाखांवर मतं मिळवली. त्याच न्यायालयानं 1969 च्या ब्रँडेनबर्ग खटल्यात सांगितलं की तात्काळ बेकायदा कृत्याला चिथावणी देण्याचा हेतू असेल आणि तसं घडण्याचा संभव असेल, तरच भाषणाला शिक्षा करता येते. दोन्ही निकालांतला एकेक उतारा मोठ्यानं वाचून घ्या. सीमाप्रश्नाचा विषय इथं निघणारच. त्याला शेवटचा अर्धा तास राखून ठेवा आणि सुरुवात 1996 च्या बेळगाव लोकसभा निवडणुकीतल्या 456 उमेदवारांपासून करा; त्यातले बहुतेक सीमाप्रश्नाकडं लक्ष वेधायला उभे राहिले होते. त्याच वर्षी अनामत रक्कम 500 वरून 10,000 रुपयांवर गेली. मतपत्रिकेवर नाव लावणं हाही निषेधच असेल, तर त्याची किंमत कोणी आणि कितपत ठरवावी, यावर दोन्ही देशांचे नियम समोर ठेवून बोला.